उष्माघात आणि गारठा : शरीराचे तापमान जिवावर बेतते तेव्हा

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्कार वितरणाचा सोहळा उघड्या मैदानावर झाला. लाखो लोक कित्येक तास उन्हात बसून होते. त्यांपैकी चौदा जण उष्णतेच्या बाधेने दगावल्याचे पुढे जाहीर झाले. त्या दिवशी त्या परिसरातील कमाल तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. ग्वाल्हेरच्या वाचकाला मे महिन्यात हा आकडा जवळजवळ दिलासा वाटेल. मग समुद्रकाठी त्याच आकड्याने माणसे का दगवावीत?

उत्तराचा मोठा भाग हवेतील दमटपणात आहे. उन्हाळ्यात आमच्या मथळ्यांतून जो ‘पारा चढतो’ तो हवेचा. जिवावर बेततो तो शरीरातला, आणि या दोन पाऱ्यांचे नाते सर्वत्र सारखे नसते. गोव्यासारख्या किनारी प्रदेशात ते विशेष फसवे आहे. शरीराचे तापमान वर जाणे जसे घातक, तसे ते खाली येणेही घातक. हा दुसरा धोका ग्वाल्हेर-इंदूरच्या हिवाळ्याला जितका लागू आहे, तितकाच आपल्या दर्यावर जाणाऱ्या मच्छीमारालाही लागू आहे. दोन्ही धोक्यांची ओळख आणि पहिल्या अर्ध्या तासात करावयाचे उपाय यांची माहिती येथे दिली आहे.

३७ अंश आणि घामाचे गणित

निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश, म्हणजे ९८.६ अंश फॅरनहाइट, हा आकडा रूढ केला तो जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिश यांनी. हजारो रुग्णांच्या काखेतील तापमानाच्या नोंदींवर आधारलेला त्यांचा ग्रंथ १८६८ मध्ये प्रसिद्ध झाला. अलीकडच्या मोजमापांत सरासरी थोडी खाली, ३६.६ च्या आसपास आढळते. शिवाय पहाटे ती कमी आणि संध्याकाळी जास्त असते. शरीराच्या आतला आकडा मात्र एका अरुंद पट्ट्यातच राहावा लागतो. मेंदूच्या तळाशी असलेले हायपोथॅलॅमस हे केंद्र त्यावर पहारा ठेवते.

शांत बसलेला माणूसही जुन्या शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता निर्माण करीत असतो. घमेले उचलताना किंवा नांगरताना ती कितीतरी पटींनी वाढते. ही उष्णता बाहेर टाकण्याचे शरीराजवळ मुख्यतः दोन मार्ग आहेत : रक्त त्वचेकडे वळवणे आणि घाम. हवा अंगापेक्षा गरम झाली की पहिला मार्ग उलटा फिरतो आणि सारी भिस्त घामावर येते. एक लिटर घाम त्वचेवरून वाळून गेला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. परंतु तो वाळला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेला घाम शरीरातील पाणी आणि मीठ तेवढे नेतो. उष्णता जागच्या जागी राहते.

हवामानशास्त्रज्ञ यासाठी ‘वेट बल्ब’ तापमान मोजतात. तापमापकाच्या टोकाला ओले फडके गुंडाळून त्यावरून वारा फिरवला असता जो आकडा दिसतो, तो हा. हवा ४० अंशांची पण कोरडी, वीस टक्के आर्द्रतेची असेल, तर ओल्या फडक्याचा आकडा २२-२३ अंशांवर थांबतो. तीच हवा ३४ अंशांची आणि पंचाहत्तर टक्के आर्द्रतेची असेल, तर तो ३० अंशांपर्यंत जातो. हा आकडा ३५ झाला की सावलीत स्वस्थ बसलेला निरोगी माणूसही फार तास तग धरू शकत नाही, असे सैद्धांतिक गणित आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांचीही मर्यादा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच असल्याचे दिसले. भारतीय हवामान विभाग उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून, तर किनारी केंद्रांवर ३७ अंशांपासून करतो, त्यामागचा तर्क यावरून कळावा.

ताप येणे वेगळे, तापणे वेगळे

घरोघरी होणारा एक घोटाळा येथे दूर केला पाहिजे. मलेरिया, डेंग्यू किंवा साध्या सर्दीत जो ताप चढतो, तो मेंदूने जाणूनबुजून चढवलेला असतो. जंतूंशी लढताना हायपोथॅलॅमस आपला काटा वर सरकवते. शरीर त्या नव्या आकड्यापर्यंत पोहोचावे म्हणून थंडी वाजते आणि रुग्ण पांघरूण मागतो. पॅरासिटामॉल हा काटा पुन्हा खाली आणते.

उष्माघातात काटा ३७ वरच असतो. मेंदू शरीराला थंड करण्याची पराकाष्ठा करीत असतो, आणि ती अपुरी पडत असते. खाली आणायला काटाच नसल्याने तापाची गोळी येथे निरुपयोगी ठरते. उलट उष्णतेने आधीच पोळलेल्या यकृतावर तिचा आणखी भार पडतो. ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. उन्हातून आलेल्या, अंग तापलेल्या माणसाला गोळी देऊन पडायला सांगणे म्हणजे उपचाराची मोलाची वेळ दवडणे होय. कारण ताप की उष्माघात, असा संभ्रम असेल आणि माणूस उन्हात किंवा कोंदट जागेत बराच वेळ राहिलेला असेल, तर त्याला थंड करायला लागावे. त्याने ताप असला तरी फारसे बिघडत नाही. उष्माघात असेल तर जीव वाचतो.

खूण घामात शोधू नये, बोलण्यात शोधावी

उष्णतेच्या बाधेच्या पायऱ्या आहेत. प्रथम पोटऱ्यांत, पोटात गोळे येतात. नंतर थकवा, चक्कर, मळमळ, डोकेदुखी, भरपूर घाम, जलद नाडी. येथपर्यंत माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, आणि शरीराचे आतले तापमान सहसा ४० अंशांच्या खाली असते. सावली, विश्रांती, पाणी-मीठ आणि ओल्या फडक्याने तो अर्ध्या-एक तासात सावरतो. सावरला नाही, तर रुग्णालय गाठावे.

पुढची पायरी उष्माघाताची. आतले तापमान ४० अंश म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जाते आणि मेंदू बिघडू लागतो. माणूस असंबद्ध बोलतो, विनाकारण चिडतो, ओळखीच्या माणसाला ओळखत नाही, झोकांड्या खातो, झटके येतात, शेवटी बेशुद्ध होतो. उन्हात काम करणारा माणूस दारू प्यायल्यासारखा वागू लागला तर तो प्यायला आहे असे धरून चालू नये. हीच ती खूण. तापमापक हाताशी नसेल तरी चालेल. नाव, गाव, आजचा वार विचारावा. उत्तर चुकले की घड्याळ सुरू झाले असे समजावे.

‘उष्माघातात घाम थांबतो, अंग कोरडे पडते’ हे वाक्य जुन्या शालेय पुस्तकांतून लोकांच्या मनात पक्के बसले आहे. ते अर्धेच खरे आहे. बंद खोलीत दोन-तीन दिवस तापत राहिलेल्या वृद्धाची त्वचा बहुधा कोरडी असते. कष्ट करताना कोसळलेला मजूर, फुटबॉलपटू किंवा पोलीस भरतीसाठी धावणारा उमेदवार मात्र घामाने चिंब असतानाही उष्माघाताच्या दारात असू शकतो. किनाऱ्यावर तर घाम सुकतच नाही. ‘घाम येतोय ना, मग काही नाही’ हे आपल्याकडचे सर्वांत घातक सांत्वन आहे.

काखेतील तापमापक आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, आणि कपाळासमोर धरायचे यंत्र घामेजलेल्या कपाळावर विश्वासार्ह नसते. डॉक्टर गुदद्वारातील तापमान प्रमाण मानतात. म्हणून काखेत १०२ दिसले आणि माणूस बरळत असला, तर आकड्यापेक्षा बरळण्यावर विश्वास ठेवावा.

कोणावर लक्ष ठेवायचे? पत्र्याखाली किंवा वरच्या मजल्यावर एकटे राहणारे वृद्ध, तान्ही मुले, गर्भवती, हृदयाचे व मूत्रपिंडाचे रुग्ण. लघवी वाढवणाऱ्या, मनोविकारांवरच्या, काही ॲलर्जीवरच्या आणि रक्तदाबावरच्या गोळ्या घेणारे; या गोळ्यांनी घाम, तहान किंवा हृदयाची गती यांवर परिणाम होतो. गोळ्या स्वतःहून थांबवू नयेत, डॉक्टरांशी बोलावे. बंद मोटारीत ठेवलेले मूल हा वेगळाच धोका : उन्हात उभ्या मोटारीच्या आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंशांनी वाढू शकते.

आणि एक वर्ग असा, ज्याची गणना सहसा होत नाही : कामावरचा नवा माणूस. उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर आणि अधिक येऊ लागतो, त्यातले मीठ कमी होते, रक्ताचे आकारमान वाढते. डोंगराळ प्रदेशातून एप्रिलमध्ये गोव्यात बांधकामावर आलेला मजूर, शॅकच्या स्वयंपाकघरात नुकताच रुजू झालेला आचारी, पेडण्यातील आगरवाड्याच्या मिठागरात पहिल्यांदाच उतरलेला कामगार यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण पाळी देणे हे मुकादमाच्या दृष्टीने सोयीचे, पण वैद्यकीयदृष्ट्या अविचाराचे आहे. पहिल्या आठवड्यात काम हळूहळू वाढवावे, हा नियम पाळायला पैसे पडत नाहीत.

उष्णतेचे बळी नोंदींत कमीच दिसतात, कारण उन्हाने ज्याचे हृदय थांबले तो हृदयविकाराचा रुग्ण म्हणून नोंदला जातो. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले होते. पुढे अभ्यासकांनी त्या महिन्यातील मृत्यू एरवीच्या वर्षांशी ताडून पाहिले तेव्हा १,३४४ मृत्यू जादा निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये अहमदाबाद महापालिकेने जो उष्णता कृती आराखडा लागू केला, तो दक्षिण आशियातील पहिला मानला जातो.

आधी थंड करा, मग हलवा

उष्माघातात अवयवांची हानी किती होणार, हे शरीर ४० अंशांच्या वर किती वेळ राहिले यावर ठरते. म्हणून जगभरच्या क्रीडावैद्यकांनी स्वीकारलेला नियम असा की रुग्णवाहिकेला फोन करावा आणि ती येईपर्यंत जागेवरच थंड करीत राहावे. अमेरिकेतील फालमाउथ येथील रस्ता शर्यतीत अठरा वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण नोंदले गेले. त्यांना तिथल्या तिथे बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करण्यात आले. त्यांतील एकही दगावला नाही.

आपल्याकडे हे कसे करावे? माणसाला सावलीत आणावे, जाडे कपडे, बूट, शिरस्त्राण काढावे. जवळ टब, हौद किंवा टाकी असेल तर मानेपर्यंत थंड पाण्यात बसवावे. डोके एकाने सतत धरलेले असावे. टब नसेल तर ताडपत्री घ्यावी : रुग्णाला मध्ये निजवून चौघापाचांनी कडा उचलून धरायच्या, डोक्याची बाजू थोडी वर, आणि आत पाणी व बर्फ ओतून हलवत राहायचे. बांधकामावर ताडपत्री असतेच, आणि गोव्यात मासळीबाजारापासून धक्क्यापर्यंत बर्फाची वानवा नाही. मासळीचा बर्फ या कामाला उत्तम.

वृद्ध किंवा हृदयरोगी माणसाला बुडवण्याऐवजी सर्वांगावर पाणी ओतत पंख्याचा झोत सोडावा आणि मान, काखा, जांघा येथे फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. दमट हवेत नुसता पंखा पुरत नाही, कारण ओले अंग वाळत नाही. तेथे पाण्याचे प्रमाण आणि गारवा दोन्ही वाढवावे लागतात. रुग्ण बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर वळवून श्वासमार्ग मोकळा ठेवावा, आणि श्वास थांबल्यास छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी.

रुग्ण नीट बोलू लागला, कुडकुडू लागला किंवा तापमान ३९ अंशांच्या खाली आले की थांबावे. नाहीतर दुसऱ्या टोकाचा धोका. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. अंगाला स्पिरिट चोळू नये. सावरलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावेच. मूत्रपिंड आणि यकृत यांची इजा एक-दोन दिवसांनी उघड होते. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ मध्ये बर्फाच्या पाण्याच्या टबांसह उष्माघात कक्ष उघडला. जिल्हा रुग्णालयांतही असा एखादा टब असायला काय हरकत आहे, हा प्रश्न आरोग्य खात्याला विचारण्यासारखा आहे.

खिशातल्या कांद्याबद्दल वाचक हमखास विचारतात. तो खिशात राहिल्याने उष्माघात टळत नाही. भाकरीबरोबर खाल्ला तर बरा लागतो, इतकेच.

शुद्धीवर असलेल्या, थकलेल्या माणसाला काय पाजावे? मीठ घातलेले कोकम किंवा लिंबाचे सरबत, ताक, पन्हे, शहाळ्याचे पाणी, आणि सर्वांत भरवशाचे ओआरएस. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. तासन्‌तास घाम गाळून नुसते पाणीच पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि त्यानेही माणूस बरळतो. काजूच्या हंगामात थंडगार हुर्राकने उन्हाळा सुसह्य होतो असा समज गोव्यात आहे. दारूने लघवी वाढते, शरीर कोरडे पडते आणि धोक्याची जाणीव बोथट होते. संध्याकाळी सावलीत काय करावे हा ज्याचा त्याचा प्रश्न, दुपारी शेतात मात्र नको.

गारठा : कुठे कुठे मारतो

शरीराचे आतले तापमान ३५ अंश म्हणजे ९५ फॅरनहाइटच्या खाली गेले की त्यास हायपोथर्मिया म्हणतात. त्याला बर्फ लागत नाही. ग्वाल्हेरच्या पौष-माघात रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो तेव्हा धोका उघड असतो. पण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून घेते. त्यामुळे होडी उलटून रात्रभर समुद्रात राहिलेला मच्छीमार कोमट वाटणाऱ्या पाण्यातही काही तासांनी गारठतो. पावसात भिजून वाऱ्यात दुचाकीवर लांबचा घाट चढणारा, घरात पडून रात्रभर फरशीवर राहिलेला वृद्ध, आणि दारू पिऊन उघड्यावर झोपलेला माणूस, हे सारे याच वाटेवर असतात. दारूने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. अंग गरम वाटते आणि आतली ऊब निघून जाते.

३५ ते ३२ अंशांपर्यंत माणूस जोराने कुडकुडतो, बोटे वळत नाहीत, जीभ जड होते, पाय अडखळतात. त्याखाली कुडकुडणे मंदावते आणि थांबते. पाहणाऱ्याला वाटते आता बरे आहे. वस्तुतः शरीराने लढाई सोडलेली असते. २८ अंशांखाली हृदयाचा ताल कधीही बिघडू शकतो. शेवटच्या टप्प्यात काही जण गरम होते आहे असे समजून अंगावरचे कपडे काढतात. थंडीत उघडा सापडलेला प्रत्येक मृतदेह घातपाताचा नसतो, हे पोलीस वैद्यकांना ठाऊक असते. घरचा काचेचा तापमापक येथे निरुपयोगी, कारण त्याची पट्टी ३५ अंशांच्या आसपासच सुरू होते. येथेही भिस्त बोलण्यावर आणि चालण्यावर.

उपचार सावकाशीचा आहे, उष्माघाताच्या नेमका उलट. वाऱ्यातून आडोशाला आणावे, ओले कपडे कापून काढावेत, कोरड्या घोंगड्यात डोक्यासह गुंडाळावे, जमिनीपासून वेगळे ठेवावे. छाती, काखा आणि पाठ येथे कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवावी. हातपाय चोळू नयेत, शेकू नयेत. त्याने त्वचेतील थंड रक्त हृदयाकडे जाते. फार गारठलेल्याला आडवाच ठेवून हळुवार उचलावे, चालवू नये. धक्क्यानेही हृदयाचा ताल सुटू शकतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा, ब्रँडी नव्हे. आणि ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांसाठी ठळकपणे : बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने झोपेतच मृत्यू येतो.

गारठलेला माणूस मृत दिसतो म्हणून मृत असतोच असे नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत आन्ना बोगेनहोल्म या स्वीडिश डॉक्टर बर्फाखालच्या प्रवाहात ऐंशी मिनिटे अडकल्या. रुग्णालयात त्यांचे तापमान १३.७ अंश होते, हृदय थांबलेले होते. त्या बचावल्या आणि पुन्हा डॉक्टर म्हणून काम करू लागल्या. म्हणूनच शरीर पुरेसे गरम केल्याशिवाय अशा रुग्णाला मृत घोषित करू नये, असा वैद्यकाचा दंडक आहे.

तान्हे मूल

नवजात बाळाचा गारठा भर उन्हाळ्यातही होतो, आणि तो न कुडकुडता होतो. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असावे, ३६.५ च्या खाली ते गेले की जागतिक आरोग्य संघटना त्यास हायपोथर्मिया मानते. बाळाचे पोट गरम पण तळपाय गार लागले, तर ती पहिली सूचना. दोन्ही गार असतील, बाळ सुस्त झाले आणि ओढून पीत नसेल, तर क्षणाचाही विलंब नको.

आपल्याकडे जन्मल्याबरोबर बाळाला न्हाऊ घालण्याची घाई असते. ती आवरावी; पहिली अंघोळ किमान चोवीस तासांनी. तोवर बाळाला कोरडे पुसून, टोपडे घालून, आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवावे आणि वरून दोघांना पांघरावे. कांगारू मातृसेवा या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, उबपेट्या कमी पडत असल्याने सुरू झाली, आणि कमी वजनाच्या बाळांचे प्राण वाचवण्यात ती उपयुक्त ठरली. आई आजारी असेल तर वडिलांची किंवा आजीची छातीही तेच काम करते. रुग्णालयात नेतानाही बाळाला दुपट्यात वेगळे गुंडाळून नेण्यापेक्षा असेच न्यावे.

गोवा, कर्नाटक, मध्य प्रदेश, गुजरात आणि तेलंगण या पाचही राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक चालतो. फोनवर ठिकाणाआधी ‘माणूस उन्हात कोसळला आहे, बरळतो आहे’ किंवा ‘पाण्यातून काढला आहे, कुडकुडणे थांबले आहे’ असे सांगितल्यास पलीकडच्याला निकड लगेच समजते. डॉक्टरांसाठी चार गोष्टी कागदावर टिपून ठेवाव्यात : किती वाजता सापडला, तेव्हा कसा बोलत होता, किती वेळ थंड किंवा गरम केले, आणि रोजच्या गोळ्या कोणत्या.